चौथ्या सिलिंडरचा आवाज

गाडी दारात येऊन थांबली. दोघे उतरले, त्यातल्या वयस्क माणसानं टोपी सारखी केली, हात जोडले, आणि आमचे आप्पा "या, बसा" म्हणायचं सोडून मान एका बाजूला कलती करून नुसते उभे राहिले.

पाहुण्यांनी इंजिन मुद्दाम चालू ठेवलं होतं. नवीकोरी, पांढरी, छोटी गाडी. तशा गाड्या तेव्हा नुकत्याच रस्त्यावर यायला लागल्या होत्या आणि आमच्या विट्यात ती पहिलीच असावी. आख्ख्या गल्लीनं बघितल्याशिवाय ती बंद करणं म्हणजे पैसे फुकट गेल्यासारखंच.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी आप्पांची ती कलती मान बघितली आणि झारा कढईत तसाच सोडला.

"गेलं," मी कुंदाला म्हणाले. "आजचं स्थळपण गेलं."

"अगं, अजून चपला तरी काढू दे त्यांना," कुंदा म्हणाली. पण तिनंही खिडकीतून डोकावून बघितलं आणि पोह्यांवर खोबरं पेरायचं थांबवलं.

कुंदा माझी धाकटी बहीण, तेव्हा कॉलेजात होती. मी शाळेत मास्तरीण. आई जाऊन दोन वर्षं होत आली होती. कराड रस्त्यावर आप्पांचं गॅरेज आणि गॅरेजच्या पाठीला आमचं घर. आप्पा फक्त पेट्रोलच्या गाड्या घ्यायचे, त्यातही ॲम्बॅसिडर आणि फियाट. डिझेलचं नाव काढलं तर नाक मुरडायचे. आणि त्यांचा कान म्हणजे काय सांगावं! गाडी फाटकातून आत यायच्या आधी ते आतून ओरडायचे, "दोन नंबरचा प्लग गेलाय, पाव्हणं." आणि तोच गेलेला असायचा.

आता हा कान गिऱ्हाइकांपुरता राहिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मला बघायला येणारी माणसंही गाड्यांतूनच यायची. पहिला आला तो जुन्या जीपमधून. जीप निळा धूर टाकत होती. पाहुणे फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच आप्पा म्हणाले, "ऑइल खातीय. पिस्टनच्या रिंगा बदलायचं ज्याला सुचत न्हाय त्यो पोरगी काय सांभाळणार?" दुसरा मोटारसायकलवरून आला, त्याची चेन सैल होती. तिसरा बिचारा एसटीनं आला, तर आप्पा म्हणाले, "साधी सायकल न्हाय?" पहिल्या वेळी मी पोट धरून हसले होते. दुसऱ्या वेळी थोडीशी हसले. तिसऱ्या वेळी खोलीत जाऊन साडी सोडली आणि घडी न घालताच ट्रंकेत कोंबली.

तीच साडी आज पुन्हा नेसले होते. आणि या वेळी मला जायचं होतं. उगाच आडवळणानं सांगत नाही. उमाकांत शेडगे हा जनावरांचा डॉक्टर, आटपाडीकडे नोकरीला. स्थळाचा फोटो म्हणून लोक स्टुडिओत जाऊन, केसाला तेल चोपडून, पडद्यासमोर बसून घेतलेला पाठवतात. यानं पाठवला होता तो गोठ्यातला, काखेत वासरू धरलेला, सदऱ्यावर शेणाचा डाग असलेला. तो फोटो मी शाळेच्या पिशवीत ठेवून आठवडाभर हिंडले होते. तेव्हापासून माझं कशात मन लागत नव्हतं. फळ्यावर एक लिहायला जायचे आणि दुसरंच लिहायचे.

पोहे घेऊन बाहेर गेले तेव्हा सगळे बसले होते. गाडी एकदाची बंद झाली होती, पण आप्पा अजून तिच्याकडेच बघत होते. त्यांचा डावा पाय सारखा हलत होता.

उमाकांतचे मामा, संपतराव, हे मोठं प्रस्थ. गाडी त्यांचीच. "बाई, शाळेत काय शिकवता?" त्यांनी विचारलं.

"गणित आणि शास्त्र," मी म्हणाले.

"वा. स्वयंपाकपाणी?"

"येतो."

"पोहे बघूनच कळतंय म्हणा." मामा मोठ्यानं हसले आणि आप्पांकडे वळले. "काय पिसाळ, मुलगी आम्हाला पसंत आहे असं समजा. तुमचं काय?"

उमाकांतनं बशीतून वर बघितलं. आप्पांचा पाय थांबला.

"एक सिलिंडर बंद हाय तुमचा," आप्पा म्हणाले.

मामांचा चमचा अर्ध्यावर राहिला. आतून कुंदानं पातेलं आपटल्याचा आवाज आला.

"काय म्हणालात?" मामा म्हणाले.

"गाडीचा. एक मिस मारतोय. नवी दिसतीय, पर नव्या गाडीतबी एखादी खोट राहतीय. मी बघून देतो."

मामांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग एकदम खुलला. "अहो पिसाळ, तिला सिलिंडरच तीन आहेत. तिनाचंच इंजिन आहे ते. पेपरात वाचलं नाही का?"

आप्पांना असं कुणी त्यांच्या घरात, त्यांच्या कामावरून चूक ठरवलेलं मी कधी बघितलं नव्हतं. आता ते हसून "अस्सं होय" म्हणतील आणि विषय संपेल असं मला वाटलं. म्हणजे मी देवाला तसं सांगत होते.

"वाचलंय," आप्पा म्हणाले. "ट्रॅक्टरला तीन असतात, मान्य हाय. त्यो ढेकळात चालतो. माणसं बसायच्या गाडीला तीन? कसं जमवलं असंल?" आणि ते उठलेच. "किल्ली द्या जरा."

"आप्पा, पोहे," मी म्हणाले.

"तू बस गं."

मामांनी किल्ली दिली नसती. दिली ती उमाकांतनं. मामांच्या पुढ्यातली उचलली आणि सरळ आप्पांच्या हातावर ठेवली. "ऐकू द्या त्यांना, मामा," तो म्हणाला. "माझे पेशंटसुद्धा तोंडानं काही सांगत नाहीत. ऐकूनच बघावं लागतं."

त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो हा. त्याही गडबडीत तो मला आवडला.

बॉनेट उघडलं. आप्पा, त्यांच्यामागे उमाकांत, त्याच्यामागे मामा आणि उंबऱ्यात आम्ही दोघी बहिणी, असं ते पाहुणे बघण्याचं काम सुरू झालं. इंजिन केवढंसं होतं, शिवणयंत्राच्या पेटीएवढं वाटलं मला. आणि ते गाडीत आडवं बसवलेलं होतं. आप्पांनी आयुष्यभर चार सिलिंडर एकामागे एक, गाडीच्या लांबीत उभे बघितलेले. त्यांनी वाकून एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून.

"आडवं झोपवलंय होय," ते पुटपुटले. मग गाडी चालू केली.

तशी ती वाईट चालत नव्हती. पण उभ्या जागी इंजिन हलत होतं, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. आप्पांनी मामांचा न प्यायलेला चहा आणून त्यावर ठेवला. कपात लाट उठली आणि बशी भरली.

"अहो, ती काय कप ठेवायची जागा आहे?" मामा म्हणाले.

"चाराच्या इंजिनावर ह्यो कप असाच ठेवा, एक थेंब सांडणार न्हाय. दोन वर जातात तवा दोन खाली येतात. एकमेकाला धरून असतात. हितं बघा, मधल्याला जोडी न्हाय. कडंचे दोघं त्याला वढत्यात, एक हिकडं, एक तिकडं." आप्पा मामांशी बोलत होते, पण बघत होते इंजिनाकडेच. त्यांनी पकडीनं प्लगची एकेक वायर काढून बघितली. पहिली काढली, इंजिन गडबडलं. लावली. दुसरी काढली, गडबडलं. तिसरी काढली, बंदच पडलं.

"तिन्ही चालू हायत," आप्पा म्हणाले.

"मग झालं तर," मामा म्हणाले.

"पर एक न्हाय."

"कोणता नाही?"

आप्पांनी बाह्या वर सारल्या, तिन्ही वायरी काढल्या, डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं, प्लग खोलून एकेक उन्हात धरून बघितला, फुंकला, पुसला. नव्या प्लगला पुसायचं काय असतं? मी उंबऱ्यात या पायावरून त्या पायावर होत होते. पदराचं टोक पिळून पिळून त्याची दोरी झाली होती. चहा पुन्हा ठेवावा का, पाहुण्यांना आत बोलवावं का, की सरळ जाऊन आप्पांच्या हातातला पाना काढून घ्यावा? यातलं काहीच मी केलं नाही. कुंदा माझ्या कानात म्हणाली, "ताई, तू नाही गेलीस तर मी जाईन हं त्या डॉक्टराबरोबर. किती शांतपणे उभाय बघ." मी तिला कोपरानं ढोसलं.

शेवटी मामांचा संयम संपला. "उमाकांत, चल. मुलगी चांगली आहे, पण ज्या घरात आल्याआल्या पाहुण्याची गाडी खोलतात त्या घरात सोयरीक नको."

"गाडी खोललीय मामा," उमाकांत म्हणाला. "जायचं कशानं?"

मामा ओसरीच्या खुर्चीत जाऊन बसले आणि आम्हा सगळ्यांकडे पाठ केली.

आप्पा वायरी परत लावायला लागले. आमच्या घरात एक-तीन-चार-दोन हे आकडे पाढ्यांच्याही आधी आले होते. चार सिलिंडरच्या इंजिनात ठिणगी त्याच क्रमानं पडते, आणि वायरी लावताना आप्पा ते तोंडानं म्हणायचे. आम्ही बहिणी त्यावर दोरीच्या उड्या मारायचो. आताही ते तोंडातल्या तोंडात म्हणत होते. एक. वायर लागली. तीन. लागली. चार, म्हणाले, आणि हात पुढे गेला तो तसाच हवेत राहिला. बोटं वायर धरायला चिमटीत आली होती. ते पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले. एक, तीन, चार. हात पुन्हा तिथंच थांबला.

"आप्पा," कुंदा उंबऱ्यातून हळूच म्हणाली. "चौथा नाहीये."

आप्पांनी मान वर केली. त्यांचा तो चेहरा मी पूर्वी एकदाच बघितला होता. आईचे दिवस झाल्यावर पहिल्या सकाळी त्यांनी चहा केला, चार कप भरले, आणि चौथा हातात धरून ते ओट्यापाशी उभे राहिले होते.

उमाकांतनं खाली वाकून उरलेली वायर उचलली आणि आप्पांच्या बोटांत दिली. "दोन नंबर," तो म्हणाला. आप्पांनी ती लावली.

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. तशीच थरथरत. आप्पांनी चिंधीनं हात पुसले, पुन्हा पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शैला, बस गाडीत. एक फेरी मारून बघतो."

"मी? कशाला?"

"बस म्हणतोय न्हवं."

मामा खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, माझी गाडी..."

"मी जातो बरोबर," उमाकांत म्हणाला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. कुंदानं मामांसमोर दुसरा चहा ठेवला आणि त्यांना गाडीची किंमत विचारली. त्यानंतर मामा कुठेच जाणार नव्हते.

आम्ही कराड रस्त्याला लागलो. दुपार होती, रस्ता मोकळा. साडीतलं माझं बूड सीटवर ठरत नव्हतं. मागे ज्याच्याशी लग्न व्हायचं किंवा मोडायचं तो माणूस, शेजारी बाप. आप्पांनी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली, वेग धरला. उसाचे फड मागे पडायला लागले.

"आता न्हाय कळत," आप्पा म्हणाले.

"काय नाही कळत?"

"कमी असल्यालं. उभी असली की कळतंय. पळाय लागली की न्हाय कळत." त्यांनी आणखी वेग दिला. "मी दोन वर्सं उभाच हाय, पोरी."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते.

"तुम्ही दोघी घरात बोलता, हसता. भांडी वाजत्यात. रेडिओ चालू असतोय. सगळा आवाज असतोय, पर माझा कान ऐकत न्हाय. सारखं वाटतंय, एक बंद हाय. कुठला बंद हाय ते ठावं हाय, तरीबी शोधत बसतोय." त्यांनी खाकरून घसा साफ केला. "त्या जीपवाल्याच्या रिंगाच गेल्या होत्या. बदलल्या असत्या की झालं. पोरगं चांगलं होतं."

"मग नाही का म्हणालात?"

"तिनातला एक काढून द्यायचा न्हवता मला."

मला आधी रागच आला. वाईट वाटलं ते नंतर. तीन वेळा नेसलेली साडी, तीन वेळा केलेले पोहे, बाजारात बायकांनी विचारलेले प्रश्न, सगळं एकदम आठवलं. उमाकांत मागे आहे हेही मी विसरले.

"मग सरळ सांगायचं होतं ना आप्पा, जाऊ नको म्हणून. लोकांच्या गाड्यांना कशाला नावं ठेवायची? तुम्ही म्हणाला असता तर मी भांडले असते. चांगली कडाकडा भांडले असते. पण मला कळलं तरी असतं. मला वाटलं, माझंच काही चुकतंय."

"तुझं काय चुकणार हाय," आप्पा म्हणाले. "तुझं कायबी चुकलं न्हाय."

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. थांबल्याबरोबर ती पुन्हा थरथरायला लागली, सीटमधून ते मला जाणवत होतं. मी पदरानं नाक पुसलं. राग संपला होता आणि त्याच्या जागी आता भीती आली होती.

"मी गेले तर तुम्ही दोघंच," मी म्हणाले. "तुम्ही आणि कुंदा. कसं करणार आप्पा?"

"दोनाचं इंजिन असतंय की."

"असतं?"

"मिल्ट्रीच्या फटफटीला बघितल्यालं मी, तरणा असताना. दोन असली की एकामागं एक उभी करायची न्हायत. आडवी टाकायची. समोरासमोर." त्यांनी स्टिअरिंग सोडून दोन्ही मुठी छातीपुढे एकमेकींसमोर धरल्या, लांब नेल्या, जवळ आणल्या. नखांत काळं भरलेलं होतं. "ह्येचा धक्का त्यो झेलतो, त्येचा धक्का ह्यो. त्येच्यावर कप ठेव, सांडणार न्हाय. मी अन् कुंदी बसू की समोरासमोर जेवाय. तीबी कमी तोंडाळ न्हाय."

मला हसू आलं, रडताना येतं तसलं. "आणि कुंदा गेली की?"

आप्पांनी मुठी खाली घेतल्या. मला वाटलं, हे विचारायला नको होतं.

"मग बुलेट," ते म्हणाले. "तिला एकच असतोय. हादरती लय. पर लांबनं ऐकू येती."

मागच्या सीटवर उमाकांतनं खिडकीकडे तोंड फिरवलं. नंतर कितीतरी वर्षं मी त्याला त्यावरून छेडलं, पण त्या दिवशी डोळ्यांत कचरा गेला होता या म्हणण्यापासून तो कधी हटला नाही.

आप्पांनी दार उघडलं आणि खाली उतरले. चिंधी खिशात कोंबली. "डॉक्टर, या पुढं. चालवा तुम्ही."

"आणि तुम्ही?" उमाकांतनं विचारलं.

"मी जातो चालत. मामास्नी सांगतो, गाडीत कायबी खोट न्हाय. ऐकायला माझंच चुकलं म्हणून."

लग्न न ठरलेल्या मुलीला परक्या मुलाबरोबर गाडीत एकटं सोडून बाप घरी चालत गेला, हे विट्यात त्या काळी कुणी केलं नव्हतं. आमच्या आप्पांना तर लोक काय म्हणतील याची भारी धास्ती. मी "आप्पा" म्हणून हाक मारली, पण ते घराच्या दिशेनं, मागच्या रस्त्याला लागले होते. उन्हात पाठमोरे, सदऱ्याला पाठीवर ऑइलचा डाग, भराभर चालत. उमाकांत पुढे येऊन बसला. त्यानं स्टिअरिंगवर हात ठेवले आणि माझ्याकडे बघितलं.

"निघायचं?" त्यानं विचारलं.

"थांबा," मी म्हणाले. "ते जरा पुढं जाऊ देत."

आम्ही तसेच मागं वळून बघत बसलो. इंजिन जागच्या जागी थरथरत होतं. बरंच पुढे गेल्यावर आप्पा थांबले. मान एका बाजूला कलती झाली. मग मागे वळून न बघताच त्यांनी हात वर केला आणि जोरजोरात हलवला.

"उभी ठेवू नका गाडी," ते ओरडले. "जावा."